कुळागरात पाच जाडी पुस्तकं: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला मी पहिलं पुस्तक मागवलं. वनस्पतिरोगशास्त्राचं, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं, उशीएवढं जाड. मी विद्यार्थिनी नाही. पणजीत एका ऑफिसात एकोणीस वर्षं हिशेब सांभाळले. सासरे गेले, सावई-वेऱ्याचं कुळागर, म्हणजे सुपारी-मिरीची बाग, माझ्या अंगावर आलं आणि त्याच पावसात सुपारी कोवळीच गळायला लागली. रोज सकाळी पोफळींच्या (सुपारीच्या झाडांच्या) बुडाशी टोपलीभर हिरवी सडकी फळं. ज्याला विचारावं त्याचं औषध वेगळं. शेवटी ठरवलं की मुळापासून वाचायचं.

आता चतुर्थी तोंडावर आली आहे. पाच पुस्तकं घेऊन झाली: वनस्पतिरोग, मृदाशास्त्र, वारसाहक्काचा कायदा, शेतीचं हिशेबशास्त्र आणि गोव्याच्या गावसंस्थेचा इतिहास. नावं देत नाही, कारण तुमच्या कामाला दुसरीच लागतील. परीक्षा नसताना, शिकवायला कोणी नसताना अशी अभ्यासाची पुस्तकं घरी वापरायची झाली तर काय अनुभव येतो, तेवढं सांगते.

सर्वात जास्त वापरलं ते रोगांचं पुस्तक. पहिल्याच दिवशी सूचीत ‘कोळेरोग’ हा शब्द रोमन लिपीत छापलेला दिसला आणि अंगावर काटा आला. सुपारीची फळं सडून गळतात त्या रोगासाठी आपल्याकडे बागायतदार बोलतात तोच शब्द, कानडीतून थेट शास्त्रात गेलेला. १९१० साली म्हैसूर संस्थानात शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी या रोगावर याच नावाने सविस्तर लिहिलं. खाली हा रोग करणाऱ्या फायटॉफ्थोरा या सूक्ष्म जीवाच्या प्रकरणाचा पानक्रमांक होता. ते प्रकरण मी आतापर्यंत सात-आठ वेळा वाचलं असेन.

त्या प्रकरणातल्या एका परिच्छेदाने अख्ख्या पुस्तकाचे पैसे वसूल झाले. फायटॉफ्थोराला आपण बुरशी म्हणतो, पण तो खरी बुरशी नव्हे. तपकिरी शेवाळांच्या नात्यातला जीव आहे. खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, याच्यात सेल्युलोज आणि ग्लुकन. शिवाय बुरशीला स्टेरॉल, म्हणजे पेशीच्या पडद्याला लागणारे घटक, स्वतः तयार करावे लागतात, हा ते तयारच करत नाही. ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं नेमकी स्टेरॉल बनवण्याची क्रिया बंद पाडतात. म्हणजे जे काम हा जीव करतच नाही, ते बंद पाडून उपयोग काय? मी उठून मागच्या पडवीतल्या फडताळातून गेल्या वर्षीचा रिकामा डबा काढला. लेबल वाचलं. ट्रायझोल. दुकानातून ‘सुपारीवर चालतं’ म्हणून दिलेलं, दोन फवारण्या केलेलं. पैसे गेले ते गेले, पण पावसाळ्यातली दोन चांगली उघडीप गेली याचं वाईट अजून वाटतं.

इथेच आवृत्तीचं महत्त्व कळलं. याच विषयाचं एक जुनं पुस्तक मला ओळखीतून फुकट मिळालं होतं. त्यात फायटॉफ्थोरा सरळ बुरशीच्या यादीत आहे, पुढे एक अक्षर नाही. तेवढंच वाचलं असतं तर डब्याचं कोडं सुटलं नसतं. विज्ञानाचं पुस्तक घेताना प्रकाशनाचं साल आधी बघा, मुखपृष्ठ मागाहून.

उपाय म्हणून पुस्तकात बोर्डो मिश्रणच दिलंय, जे आमचे सासरे मारायचेच. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी तोडून खाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपायचे. त्या वेलींना रोग कमी लागतो हे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांच्या लक्षात आलं आणि १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. एक टक्क्याचं प्रमाण असं: एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ढवळत ओतायचं. भांडं लोखंडाचं नको. केलेलं त्याच दिवशी संपवायचं.

मे महिन्याच्या शेवटी फवारायला आलेल्या माणसाला मी हे वाचून दाखवलं. तो वीस वर्षं हेच करतो, त्यामुळे शांतपणे ऐकून घेतलं. मग मी तपासणीची ओळ वाचली: लोखंडी पातं मिश्रणात बुडवून बघा, तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे. त्याने कमरेचा कोयता काढला, ड्रममध्ये बुडवला, थोडा वेळ धरून वर काढला. पात्यावर नव्या पैशासारखी तांबूस झाक. ‘वहिनी, चुना जुना आहे, जोर नाही त्यात,’ तो म्हणाला. आणखी चुना कालवून घातला, कोयता घासून पुसून पुन्हा बुडवला, तेव्हा पातं जसंच्या तसं बाहेर आलं. त्याच्या हाताला हे ठाऊक होतंच. गेल्या वर्षी दुकानातल्या डब्याच्या भरवशावर त्याला कोणी विचारलंच नव्हतं. दुसरी फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी करायची असते. जुलैत पाऊस थोडा थांबला तेव्हा ती केली. यंदा गळ आहे, पण टोपलीभर नाही, ओंजळभर. पावसाची चाल दर वर्षी वेगळी असते, म्हणून सगळं श्रेय पुस्तकाला देत नाही. पण काय करतोय आणि का करतोय हे यंदा मला माहीत होतं.

या पुस्तकाचा मोठा दोष रंगाचा. माझ्याकडे आहे ती ‘फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी’ छापलेली स्वस्त आवृत्ती. मजकूर तोच, पण मूळची रंगीत चित्रं काळी-पांढरी. पानावरचा पिवळा डाग आणि तपकिरी डाग राखाडी छपाईत सारखेच दिसतात. कायद्याच्या किंवा हिशेबाच्या पुस्तकाला ही काटकसर चालते. रोगांच्या, किड्यांच्या पुस्तकाला नाही. तिथे चार पैसे जास्त घालून रंगीत आवृत्ती घ्या, नाहीतर ग्रंथालयात बसून रंगीत प्रत बघून या.

मृदाशास्त्राचं पुस्तक उत्तम आहे, पण त्याच्यासोबत कॅल्क्युलेटर घेऊनच बसावं लागतं. मूळ अमेरिकेचं, त्यामुळे कोष्टकं पौंड प्रति एकरमध्ये. किलो प्रति हेक्टर करायला १.१२ ने गुणायचं, हे मी पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवलंय. त्याहून फसवी गोष्ट पालाश (पोटॅश) आणि स्फुरदाची (फॉस्फरस). काही कोष्टकांत शुद्ध पोटॅशियम धरलंय, काहींत पोटॅशियमचं ऑक्साइड. आपल्याकडच्या शिफारशी आणि खताच्या गोणीवरचे आकडे ऑक्साइडमध्ये असतात. पोफळीला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश ही नेहमीची शिफारस. शिवाय हिरवा पाला आणि कंपोस्ट बारा-बारा किलो. १४० ग्रॅम पालाश म्हणजे ६० टक्क्यांचं म्युरेट ऑफ पोटॅश २३३ ग्रॅम. तेच १४० शुद्ध पोटॅशियम समजून हिशेब केला की झाडामागे २८० ग्रॅम येतात. मी आधी २८० काढले होते. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेत म्हणून आकडा खटकला आणि मागे जाऊन बघितलं. जांभ्या दगडाच्या आम्लधर्मी मातीवर पुस्तकात मोजकी पानं आहेत. ती मात्र सोन्यासारखी आहेत. स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला धरून बसतो आणि मुळांना मिळत नाही, हे वाचल्यावर आमच्या तांबड्या मातीत सासरे पाला-पाचोळा एवढा का घालायचे याचा उलगडा झाला.

हे पुस्तक आलं तेव्हा एक घोळही झाला. ३०५ ते ३२० ही पानं दोनदा आणि ३२१ ते ३३६ गायब. सोळा पानांचा एक फर्मा बांधताना चुकलेला. मला ते दोन महिन्यांनी कळलं, तोपर्यंत परत करायची मुदत टळली होती. विक्रेत्याने हात वर केले. शेवटी गायब पानांच्या झेरॉक्स प्रती काढून मध्ये खोचल्या. जाडं पुस्तक हातात आलं की त्याच दिवशी सगळे पानक्रमांक चाळून बघा. दहा मिनिटं लागतात.

कायद्याच्या पुस्तकात मी सपशेल चुकले आणि चूक माझीच. जुन्या बाजारातून अर्ध्या किमतीत घेतलेली प्रत. कुळागराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणीसाठी मालमत्तेची कायदेशीर नोंद, करायची होती, नणंदांचे हिस्से लावायचे होते. चार रात्री जागून १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतली वारसाहक्काची कलमं वाचली, टिपणं काढली, मोठ्या उत्साहाने वकिलांकडे गेले. त्यांनी टिपणं बघितली आणि म्हणाले, ‘बाई, मेहनत चांगली आहे, पण आता हे २०१२ च्या कायद्याने चालतं.’ वारसाहक्क, नोटरी आणि इन्व्हेंटरीबद्दलचा तो गोव्याचा कायदा प्रत्यक्षात २०१६ च्या शेवटी लागू झाला आणि संहितेतल्या वारशाच्या तरतुदींची जागा त्याने घेतली. माझी प्रत त्याच्या आधीची. अर्ध्या वाट्यावर मुलाबाळांचा हक्क राहतो वगैरे मूळ विचार पुढेही चालू आहे, त्यामुळे वाचन अगदीच वाया गेलं नाही. पण कलम क्रमांक घेऊन भांडायला गेले असते तर तोंडघशी पडले असते. कायदा आणि कर यांची जुनी पुस्तकं कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

हिशेबशास्त्राबद्दल थोडक्यात. ते माझंच क्षेत्र, तरी एक गोष्ट नवी शिकले. वर्षानुवर्षं फळ देणारं झाड हिशेबात यंत्रासारखं धरतात, त्याचा घसारा काढतात, आणि त्यावर वाढणारं फळ वेगळं मोजतात. कंपन्यांसाठीचा नियम आहे, माझ्यावर बंधनकारक नाही. पण नवीन रोपं लावल्यावर पहिली पाच-सहा वर्षं नुसता खर्च दिसतो, तो वहीत कुठे टाकायचा याचं उत्तर मिळालं.

इतिहासाचं पुस्तक कामासाठी नव्हतं, हौसेने घेतलं. त्यात दामोदर धर्मानंद कोसंबींच्या गोव्यातल्या गावसंस्थेवरच्या लेखाचा पुन्हा पुन्हा उल्लेख येतो, म्हणून तो लेखही मिळवला. मूळ गोव्याचाच हा माणूस, शिक्षणाने गणिती. नदीकाठची खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली) जमीन, बांध, गावकरी यांचा हिशेब ते असा मांडतात की आपण बांधावर उभे आहोत असं वाटतं. पण तो लेख जुन्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेल्या तिसवाडी, बारदेश, साष्टीचा. आमचं अंत्रुज (फोंड्याचा भाग) नव्या काबिजादीत, पोर्तुगीजांकडे आलं ते अठराव्या शतकात. आमच्याकडच्या डोंगरउतारावरच्या कुळागरांचं, पाटांच्या पाण्याच्या पाळ्यांचं असं कोणीतरी लिहायला हवं, ही हुरहूर लागून राहिली.

घेण्याआधी बघून घ्यायची माझी पद्धत आता ठरली आहे. फोंड्याहून कदंब बस पकडायची, पणजीच्या बसस्टँडवर उतरून पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात चालत जायचं. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था. सोळाव्या शतकात मराठीत लिहिणाऱ्या कृष्णदास शामांचं नाव तिला आहे. पुस्तक हातात आलं की प्रस्तावना सोडून आधी सूची उघडते आणि माझ्या कामाचे तीन शब्द शोधते: सुपारी, जांभा, चुना. तीनही नसतील तर पुस्तक कितीही नावाजलेलं असो, ठेवून देते. मग शेवटच्या प्रकरणातलं एक कोष्टक समजतं का बघते. भाषेची अडचण आली तर मराठी विश्वकोशातली नोंद आधी वाचते. विश्वकोशातून शब्द मिळतो, शब्द मिळाला की इंग्रजी परिच्छेद निम्मा सोपा होतो. मराठीत या तोडीचं रोगशास्त्राचं पाठ्यपुस्तक मला अजून सापडलेलं नाही, आणि फवारणाऱ्या माणसाला वाचून दाखवताना दर ओळीला अर्थ सांगावा लागतो याचं मनापासून दुःख होतं.

पुस्तकं टिकवणं हा पावसाळ्यातला वेगळा धंदाच आहे. जूनमध्ये गुळगुळीत आर्ट पेपरची पानं दमटपणाने एकमेकांना चिकटली. ओढली तर शाई निघते. साध्या कागदाला तो त्रास नाही, पण त्याला कसर लागते. कपाटात भिंतीला चिकटवून पुस्तकं ठेवायची नाहीत, मागे चार बोटं जागा सोडायची. एक बल्ब दिवसातून दोन तास लावायचा. नुसत्या डिंकाने चिकटवलेलं मृदाशास्त्र सहा महिन्यांत मधोमध फाकलं. शिवलेलं रोगशास्त्र मात्र ड्रमच्या झाकणावर उघडं ठेवलं तरी सपाट राहतं, दोन्ही हात मोकळे. त्याच्यावर निळे डाग पडलेत मोरचुदाचे.

ई-पुस्तक एक घेतलं होतं. शोधायला सोयीचं, पण कुळागरात ओल्या बोटांनी फोन चालत नाही. ते घरातच राहिलं.

परवा पाटाच्या वरच्या अंगाला तीन पोफळींवरच्या मिरीचे वेल एकाएकी मलूल झाले, पानं काळवंडून गळायला लागली. सूचीत मिरी शोधली, पानक्रमांक काढला, आणि पुस्तक आपोआप त्याच झिजलेल्या प्रकरणापाशी उघडलं. मिरीचा झटपट मर रोगसुद्धा फायटॉफ्थोराचाच, फक्त जात निराळी. पाणी तुंबतं तिथे मुळातून शिरतो म्हणतात. उद्या सकाळी फावडं घेऊन त्या तीन झाडांच्या बुडाची चर मोकळी करणार आहे. बाकीच्या वेलांच्या बुडाशी बोर्डो ओतायचं, ते किती, हे आज रात्री वाचायचं आहे.