पावसाळ्यात चीज घ्यायचं तर कुठलं पॅकिंग?

घरात रोज चीज लागत नसेल, तर सरळ क्यूब घ्यावेत. अमूलच्या २०० ग्रॅमच्या डब्यात २५ ग्रॅमचे आठ क्यूब येतात, प्रत्येक वेगळ्या फॉइलमध्ये. एक सोलला तरी सात बंदच राहतात. प्रोसेस्ड चीज वितळवून गरम असतानाच पॅक होतं, म्हणून बंद वेष्टनात बुरशीला फारसा वाव नसतो. ती येते नंतर, हवेतून, सुरीवरून, पावाच्या चुऱ्यातून.

किलोचा ब्लॉक भावाने स्वस्त, पण तो सँडविचवाल्याच्या कामाचा. त्याचा तो बघता बघता संपतो, घरी महिनाभर उघडझाप चालते. मुंबईच्या जुलैत ब्लॉक फ्रिजबाहेर काढला की त्याला घाम फुटतो. तसाच गुंडाळून आत ठेवला की ओल फॉइलच्या घडीत अडकते आणि पहिला हिरवट ठिपका कापलेल्या तोंडाशी दिसतो. ब्लॉक घ्यायचाच तर उघडल्या दिवशीच कोरड्या सुरीने १०० ग्रॅमचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला. एक खाली, बाकीचे फ्रीझरमध्ये. गोठवलेलं चीज नंतर भुसभुशीत होतं. टोस्टवर वितळवायला उत्तम, काप मात्र नीट पडत नाहीत. चटणीची सुरी चीजला लावायची नाही, आणि डबा फ्रिजच्या दारात नाही, आतल्या कप्प्यात, ४ अंश किंवा त्याखाली.

बुरशी आलीच तर? चेडार, पार्मेजानसारख्या कडक चीजचा मोठा तुकडा असेल तर ठिपक्याच्या चहूबाजूंनी आणि खाली किमान एक इंच, म्हणजे अडीच सेंटिमीटर, कापून टाकावं. सुरी ठिपक्यातून फिरवू नये, नाहीतर बुरशी चांगल्या भागात जाते. २०० ग्रॅमच्या ब्लॉकला हा नियम लावून बघा, हातात काय उरतं! तो टाकलेलाच बरा. नुसतं वरवर खरवडणं किंवा पिझ्झावर घालून भाजणं हा उपाय नव्हे: उष्णतेने बुरशी मरते, पण तिने सोडलेली काही विषं टिकून राहतात.

किसलेल्या मोझरेलाचं पाकीट आमच्या मते सगळ्यात तोट्याचं. प्रत्येक कीस चहूबाजूंनी हवेला उघडा, त्यात ओलावा जास्त. एका कोपऱ्यात बुरशी दिसली तरी पूर्ण पाकीट टाकायचं. किसावरची पांढरी पूड मात्र बुरशी नसते. ती कीस चिकटू नये म्हणून लावलेली स्टार्च किंवा सेल्युलोजची असते. पाकीट उघडल्याबरोबर लहान पिशव्यांत चपटं पसरून फ्रीझ करणार असाल तरच घ्या. स्लाइस ठीक, तेही सुटे गुंडाळलेले असतील तर. एकावर एक रचलेल्या गड्डीला किसाचाच नियम.

ब्लू चीजच्या निळ्या शिरा मुद्दाम वाढवलेल्या पेनिसिलियम रोकफोर्टी या बुरशीच्या असतात, त्या खायच्याच. पण त्यावर गुलाबी किंवा काळा केसाळ थर चढला तर तो पाहुणा आगंतुक. अशा मऊ चीजला कापाकापी नाही, सगळंच कचऱ्यात.

विकत घेताना पाकीट दाबून बघा. फुगलेलं, आत पाणी सुटलेलं किंवा हाताला गारच न लागणारं पाकीट तारीख कितीही पुढची असली तरी दुकानातच सोडा. काही छोट्या दुकानांत रात्री फ्रिज बंद होतो, आणि ते पाकिटावर छापलेलं नसतं.