बडोद्यातली व्हायब्रेशन तपासणी सेवा: मोजणी चोख, नोंदी अर्धवट

मकरपुरा जीआयडीसीतल्या या सेवेचा इंजिनिअर महिन्यातून एकदा येतो आणि पंप-ब्लोअरचं व्हायब्रेशन मोजून नेतो. मोजणी चोख आहे. मोटर आणि पंप, दोन्हींच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगवर आडवं, उभं आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेचं अ‍ॅक्शियल, म्हणजे एका सेटची 12 रीडिंग. घाईत अ‍ॅक्शियल गाळणारे बरेच असतात. कपलिंगचं मिसअलाइनमेंट, म्हणजे मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत नसणं, मात्र बहुधा तिथेच दिसतं.

खरे पैसे वसूल होतात ते स्पेक्ट्रममुळे, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती व्हायब्रेशन आहे ते दाखवणाऱ्या आलेखामुळे. भक्कम पायावरच्या 15 ते 300 किलोवॅटच्या मोटरला आयएसओच्या तक्त्यात 4.5 मिमी प्रतिसेकंदाच्या वर धोका धरलाय, पण एवढ्यावरून पाना कुठे लावायचा ते कळत नाही. 1480 आरपीएमला फिरण्याची फ्रीक्वेन्सी 24.7 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 24.7 फेरे. तिथेच एक उंच शिखर असेल तर संशय असंतुलनाचा. ब्लोअरची पाती आधी साफ करा, बॅलन्सिंगवाल्याला नंतर बोलवा. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी शिखरांची रांग लागली तर फाउंडेशन बोल्ट तपासा. आठ गोळ्यांच्या बेअरिंगची बाहेरची रिंग फुटू लागली की शिखर येतं साधारण 3.1 पटीवर. सुरुवातीला ते फक्त एन्व्हलपमध्ये, म्हणजे बेअरिंगचे बारीक ठोके वेगळे काढून दाखवणाऱ्या स्पेक्ट्रममध्ये उमटतं, आणि एन्व्हलप ही मंडळी प्रत्येक रिपोर्टला जोडतात. बेअरिंग मागवून शटडाऊन ठरवायला त्यामुळे सवड मिळते.

उणीव नोंदींची. व्हीएफडीवरचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरचा पंप एका महिन्यात 50 हर्ट्झवर मोजला, पुढच्या महिन्यात 38 वर, आणि दोन्ही आकडे एकाच आलेखावर! असा ट्रेंड काय कामाचा? ड्राइव्हची हर्ट्झ आणि डिस्चार्ज प्रेशर ऑपरेटरकडून रिपोर्टवर लिहून घ्या. शिवाय सेन्सरचा मॅग्नेट जाड रंगावरच चिकटवतात, त्यात बेअरिंगची वरची फ्रीक्वेन्सी मरते. रंग खरवडून, मोजायच्या जागी सपाट लोखंडी चकती इपॉक्सीने बसवून ठेवा. जागाही दर वेळी तीच राहते.

‘अलाइनमेंट तपासा’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात असतो. त्याआधी सॉफ्ट फूट, म्हणजे मशीनचा एखादा पाय बेसवर नीट न टेकणं, पाहा: डायल गेज लावून एकेक बोल्ट ढिला करा, पाय 0.05 मिमीपेक्षा जास्त उचलला तर शिम (पातळ पत्रा) घाला. नाहीतर लेझरने केलेलं अलाइनमेंटही बोल्ट आवळताच बिघडतं.

नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी स्टँडबाय नसलेल्या, अखंड चालणाऱ्या पंपांसाठी ही सेवा जरूर घ्या. कपाटात सुटी मोटर तयार असलेल्या पाच एचपीच्या पंपावर हा खर्च नको. अगदी सावकाश फिरणाऱ्या मिक्सरच्या गिअरबॉक्सला याच्या जोडीने तेलाची तपासणी लागेलच.