येत्या वर्षाचे चित्रपट आणि आमच्या तालुक्याचे चित्रपटगृह

डिसेंबर सरत आला की पुढच्या वर्षीच्या चित्रपटांच्या याद्या हाती पडू लागतात. त्या वाचताना गोव्याच्या अंतर्भागात राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी प्रेक्षकाला कोणता चित्रपट पाहायचा याच्या आधी तो कुठे आणि किती वाजता पाहायला मिळणार, हा प्रश्न पडतो. पणजी आमच्या गावापासून बसने दीड तासावर आहे आणि परतीची शेवटची बस रात्री साडेआठची आहे. त्यामुळे २०२६ सालचे बहुतेक चित्रपट मी आमच्या तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या दोन पडद्यांच्या चित्रपटगृहातच पाहणार आहे, आणि वर्ष सुरू होण्यापूर्वी त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. त्याचे नाव मी देत नाही, कारण पुढे एक तक्रार यायची आहे आणि ती व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतलेली आहे.

ही मूळची बाल्कनी असलेली एकपडदा टॉकीज. दोन वर्षांपूर्वी तिचे दोन भाग झाले. तळमजल्यावर मोठा पडदा आला आणि बाल्कनीच्या जागी शंभर-सव्वाशे खुर्च्यांचे लहान प्रेक्षागृह झाले. खालचा पडदा खरोखर चांगला आहे. प्रकाश कडेपर्यंत सारखा पडतो, रात्रीच्या दृश्यांतही चेहरे ओळखू येतात आणि संवाद स्पष्ट ऐकू येतात. मराठी चित्रपटाला ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे अजूनही चित्रपटाचा बराचसा भार बोलण्यावर असतो. वरच्या प्रेक्षागृहाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. तिथे जुने पत्र्याचे छप्पर तसेच ठेवून खाली नुसते आच्छादन लावले आहे. त्यामुळे जून-जुलैत पाऊस धरला की पत्र्यावरचा आवाज सरळ खाली उतरतो आणि हलक्या आवाजातले बोलणे त्यात बुडून जाते. वर जायला अठ्ठावीस पायऱ्या आहेत. माझ्या आईचे वय पंचाहत्तर आणि गुडघे दुखरे. मराठी चित्रपट वर लागला की ती येत नाही, आणि अडचण अशी की मराठी चित्रपट बहुतेक वेळा वरच लागतो.

एकदा मात्र तो खाली लागला. सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा पितृपक्ष चालू होता. चवथीचा खर्च नुकताच उरकलेला, लोकांच्या हातात पैसा नव्हता आणि पहिल्या दिवशी वरच्या पडद्यावर एकच खेळ होता. तीन दिवसांत चित्र पालटले. आमच्या भागातल्या देवळांत कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, तेव्हा सिंधुदुर्गातल्या दशावतारी मंडळ्या येऊन रात्रभर नाटके करतात. ती लहानपणापासून पाहिलेली माणसे जीप करून चित्रपटाला येऊ लागली. सोमवारी व्यवस्थापकांनी चित्रपट खाली आणला आणि बुधवारी मी आईला घेऊन गेलो. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली पडद्यावर येण्याआधी नुसती पेटी आणि पखवाज वाजला तेव्हा माझ्या पलीकडच्या खुर्चीतल्या एका आजींनी पायांतली पादत्राणे काढून बाजूला ठेवली. मालवणी संवादांवर प्रेक्षागृहातले हसू खालची इंग्रजी अक्षरे उमटण्याआधीच येत होते, कारण मालवणी आणि कोंकणी यांच्यात आम्हांला अर्थ शोधावा लागत नाही. तो अनुभव घरातल्या पडद्यावर मिळणारा नव्हता. त्यासाठी मी या चित्रपटगृहाचे मनापासून आभार मानतो.

दराच्या बाबतीतही त्यांनी चांगला निर्णय घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपये किंवा त्याहून कमी किमतीच्या तिकिटावरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर शंभराच्या वरच्या तिकिटावर तो १८ टक्केच राहिला. येथे पूर्वी खालच्या पडद्याचे तिकीट १२० रुपये, म्हणजे करासह १४१ रुपये ६० पैसे पडत असे. ते त्यांनी सोमवार ते गुरुवार शंभरावर आणले, त्यामुळे आता १०५ रुपयांत काम होते. चारजणांचे कुटुंब गेले तर दीडशे रुपयांच्या आसपास वाचतात, आणि त्यात मध्यंतरातला गरम बटाटवडा आणि चहा सहज बसतो. बटाटवडा येथे घाण्यावरून उतरलेला मिळतो, काचेच्या पेटीतला सकाळचा नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. प्रसाधनगृहे स्वच्छ असतात, स्त्रियांच्या बाजूला पाणी नेहमी असते, आणि पावसाळ्यात वीज गेली की जनित्र अर्ध्या मिनिटात सुरू होते.

आता तक्रार. गेल्या फेब्रुवारीत एका मराठी चित्रपटाच्या दुपारच्या खेळाची दोन तिकिटे मी भ्रमणध्वनीवरून काढली आणि आईला रिक्षाने घेऊन गेलो, कारण त्या आठवड्यात तो खाली होता. तिकीट खिडकीवर कळले की एकूण पाचच तिकिटे गेली आहेत आणि किमान दहा झाल्याशिवाय खेळ लावत नाहीत. पाचही जण तिथे उभे होतो. एका गृहस्थांनी उरलेल्या पाच तिकिटांचे पैसे आपण भरतो असेही सांगितले, परंतु तोवर त्या वेळेला दुसऱ्या हिंदी चित्रपटाचा खेळ लावण्याचे ठरून गेले होते. माझे पैसे अकरा दिवसांनी परत आले आणि आरक्षणाचे शुल्क आलेच नाही. पैशांपेक्षा मला त्या दिवशी आईकडे पाहून वाईट वाटले. ती नऊवारी नेसून तयार होऊन आली होती आणि परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. मी व्यवस्थापकांना पत्र लिहिले. तेव्हापासून तिकिटे कमी असतील तर खेळाच्या तीन तास आधी दूरध्वनी करण्याची पद्धत त्यांनी सुरू केली आहे आणि ती आजवर पाळली आहे. दहाचा नियम मात्र कायम आहे.

हा नियम का आहे हे समजून घेण्याचा मी प्रयत्न केला. चित्रपट आता डब्यांतून येत नाही. सांकेतिक कुलूप लावलेली डिजिटल प्रत येते आणि ती उघडण्याची किल्ली त्या विशिष्ट पडद्यापुरती आणि ठरावीक मुदतीपुरतीच दिलेली असते. त्यामुळे एखादा चित्रपट एका पडद्यावरून दुसऱ्यावर हलवायचा झाला तरी नवी किल्ली मागवावी लागते. शुक्रवारचे वेळापत्रक बुधवार-गुरुवारी पक्के होते, आणि मोठ्या हिंदी चित्रपटाचा वितरक रोजचे अमुक इतके खेळ द्या असे सांगूनच प्रत देतो. वीज, वातानुकूलन आणि नोकरांचा पगार पाच तिकिटांत भागत नाही, हेही खरेच आहे. तरीही एक हिशेब व्यवस्थापकांपुढे मांडावासा वाटतो. बहुपडदा चित्रपटगृहे आणि निर्माते यांच्यात २००९ साली जो करार झाला, त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि चौथ्यात ३० टक्के असा उतरत जातो. लहान चित्रपटगृहांच्या अटी वेगळ्या असू शकतात, पण चित्रपट जितका टिकेल तितका चित्रपटगृहाचा वाटा वाढतो, ही रीत सर्वसाधारण आहे. 'दशावतार'सारखा चित्रपट तोंडी प्रसिद्धीवर टिकतो आणि तोंडी प्रसिद्धीला आठ-दहा दिवस लागतात. पहिल्या चार दिवसांत तो उतरवला तर ते दिवस मिळतच नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली बहुपडदा चित्रपटगृहांना मराठी चित्रपट मोक्याच्या वेळेत दाखवण्याचे बंधन घातले, त्याचा गोव्यातल्या प्रेक्षकाला काहीच उपयोग नाही. येथे सगळे व्यवस्थापकाच्या इच्छेवर आणि आमच्या पायपिटीवर चालते.

येत्या वर्षाची यादी या नजरेने पाहिली की उत्सुकता आणि काळजी एकत्रच वाढते. १९ मार्च २०२६ रोजी गुढीपाडवा आहे आणि त्याच दिवसासाठी 'धुरंधर'चा दुसरा भाग आणि कन्नड अभिनेता यश याचा 'टॉक्सिक' हे दोन प्रचंड चित्रपट डिसेंबर २०२५ च्या घडीला जाहीर झालेले आहेत. आमच्याकडे पडदे दोन. पाडव्याला मराठी चित्रपटासाठी कोणता कोपरा उरणार हे वेगळे सांगायला नको. पाडवा हा आपला सण असल्याने त्या आठवड्यात निदान सकाळी दहाचा एक खेळ मराठीसाठी राखावा, एवढी मागणी मी आत्ताच लेखी केली आहे. २३ जानेवारीला 'बॉर्डर २' आहे, त्याला प्रजासत्ताक दिनाची जोडसुट्टी मिळेल आणि तो खाली लागेल, यात शंका नाही. तो मलाही पाहायचा आहे.

सर्वांत जास्त वाट मी १ मेची पाहतो आहे. रितेश देशमुख यांनी दिग्दर्शित केलेला आणि त्यांचीच प्रमुख भूमिका असलेला 'राजा शिवाजी' त्या शुक्रवारी येणार आहे, अजय-अतुल यांचे संगीत आहे, आणि तो मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत आहे. गोव्यातल्या नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. आमच्या घरातले प्रत्येक मूल तिथला शिलालेख पाहून मोठे झालेले आहे, त्यामुळे या चित्रपटाकडे आम्ही निव्वळ करमणूक म्हणून पाहू शकत नाही. माझी भीती एकच आहे. दोन भाषांत प्रत उपलब्ध असली की पर्यटक आणि बाहेरून कामाला आलेले लोक लक्षात घेऊन गोव्यातली चित्रपटगृहे हिंदी प्रत मागवतील, आणि मराठीतल्या राजाचे बोलणे आम्हांला मराठीत ऐकायला मिळणार नाही. मेमध्ये शाळांना सुटी असते, मुले आजोळी आलेली असतात, दुपारचे खेळही भरतील. खालच्या पडद्यावर मराठी आणि वर हिंदी असे केले तरी आमची हरकत नाही. या एका गोष्टीवर मी या चित्रपटगृहाला पुढच्या वर्षी जोखणार आहे.

जुलैत पाऊस ऐन भरात असताना ख्रिस्तोफर नोलन यांचा 'द ओडिसी' येतो. १७ जुलै ही त्याची तारीख आहे. तो संपूर्णपणे आयमॅक्सच्या, म्हणजे खूप मोठ्या पडद्यासाठीच्या, फिल्म कॅमेऱ्यांवर चित्रित झालेला आहे. असा चित्रपट पत्र्याखालच्या पडद्यावर पाहण्याचा हट्ट मी धरणार नाही. खाली लागला तर पाहीन, नाहीतर पुतण्यासोबत मोठ्या पडद्याचा शोध घेत गोव्याबाहेर जाईन.

दिवाळीचा हिशेब मात्र आमच्या चित्रपटगृहाच्या बाजूने आहे. नितेश तिवारी यांच्या 'रामायण'चा पहिला भाग दिवाळीसाठी जाहीर झाला आहे, आणि २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. गोव्यात २००४ पासून भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव अलीकडे २० ते २८ नोव्हेंबर या काळात होतो, आणि त्या दिवसांत पणजीतले प्रमुख पडदे महोत्सवाच्या प्रतिनिधींसाठी राखलेले असतात. म्हणजे ज्या आठवड्यात घरचा फराळ आणि पाहुण्यांची ये-जा संपून गोव्यातली कुटुंबे निवांत चित्रपटाला निघतात, नेमक्या त्याच आठवड्यात राजधानीतला नेहमीचा प्रेक्षक तालुक्यांकडे वळतो. व्यवस्थापकांनी तोवर वरच्या छपराला आवाज अडवणारा थर दिला आणि खालच्या दाराशी पायऱ्यांऐवजी एक उतरती वाट बांधली, तर ती गर्दी त्यांच्याकडे पुन्हा येईल. उतरत्या वाटेचा खर्च फार नाही. तीन पायऱ्यांचाच प्रश्न आहे.

वर्षाची सुरुवात मात्र माझ्या मते सगळ्यांत जिव्हाळ्याच्या चित्रपटाने होते. हेमंत ढोमे यांचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' १ जानेवारीला, गुरुवारी, प्रदर्शित होतो आहे आणि बंद पडू पाहणारी मराठी शाळा हा त्याचा विषय आहे. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांशी मराठी माध्यमाच्या. मी ज्या शाळेत शिकलो तिथे चौथीपर्यंत एका वर्गात आम्ही एकतीस मुले होतो, आणि आता चारही वर्ग मिळून नऊ आहेत. एकच शिक्षिका चारही इयत्ता एका खोलीत घेतात आणि फळ्याचे खडूने चार भाग पाडलेले असतात. हा चित्रपट कसा निघेल ते पाहिल्यावरच कळेल, परंतु तो आमच्याविषयी आहे एवढे त्याच्या नावावरूनच कळते.

त्या दिवशीचा दुपारी तीनचा खेळ वरच्या पडद्यावर लावण्याचे व्यवस्थापकांनी मान्य केले आहे, आणि पंचवीस तिकिटे आधी गेली तर तो खाली आणण्याचेही कबूल केले आहे. हा खेळ साडेपाचच्या आत संपतो, म्हणजे बस मिळते. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना मी एकेकाला विचारतो आहे. आजपर्यंत बावीसजणांनी पैसे दिले आहेत, आमच्या पहिलीच्या बाईंचे तिकीट वेगळे काढून ठेवले आहे, आणि आईने खालच्या पडद्याची वाट पाहत आपले नाव अजून यादीत घालू दिलेले नाही.