७३,२३० रुपये गेले: खेळाच्या जागेसाठी रबर टाइल्स मागवणाऱ्यांनी हे वाचा

आधी आकडा सांगते, कारण लोक पहिल्यांदा तोच विचारतात. ७३,२३० रुपये. ॲडव्हान्स ३४,५१५, माल दारात आल्यावर उरलेले ३४,५१५ आणि वर गाडीभाडं ४,२००. एवढे पैसे घेऊन विक्रेत्याने ५० मिमी जाडीच्या सांगून २५ मिमीच्या टाइल्स पाठवल्या. नमुना एक दाखवायचा, माल दुसराच द्यायचा, हा धंदा सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होता. संताप त्याचाच जास्त आहे, कारण जे जे तपासा म्हणून सांगतात ते बहुतेक सगळं मी तपासलं होतं.

घरामागच्या मोकळ्या जागेत मुलांसाठी घसरगुंडी आणि झोका बसवला होता. घसरगुंडीचा वरचा ओटा पाच फुटांवर आणि खाली कोबा. पाच फुटांवरून कोब्यावर डोकं आपटलं तर काय होईल, हे कुणाला समजावून सांगायला नको. घरात प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. हिरवळ लावा, असं सासूबाई म्हणत होत्या. पण झोक्याखालची हिरवळ बघता बघता उडते, माती उघडी पडते आणि तुडवून तुडवून टणक होते. एवढ्या उंचीवरून पडताना वाचवणारा थर म्हणून गवत आणि माती यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. प्लॅस्टिकची हिरवळ नुसती कोब्यावर अंथरली तर दिसायला हिरवं, बाकी कोबा तो कोबाच.

वाळूचा विचार केला होता. नऊ इंचांचा थर लागतो आणि तोही साधारण चार फुटांवरून पडण्यापुरताच कामाचा. ओली होऊन दबून बसली की तेवढाही भरवसा नाही, वर मांजरांचा त्रास. लाकडाचे तुकडे याहून कितीतरी चांगले, नऊ इंच टाकले तर दहा फुटांपर्यंत चालतात. पण असा कुठलाही सुटा थर काही दिवसांत दबून पाव हिश्श्याने कमी होतो, म्हणजे टाकतानाच जास्त टाकावा लागतो. झोक्याखाली पाय घासून खड्डा होतो तो सारखा भरत राहायचा, आणि पावसाळ्यात तुकडे कुजतात. हे सगळं बघूनच रबरावर आले. कुणी "घेऊन टाका ताई" म्हणालं आणि घेतलं, असं झालेलं नाही.

रबर आहे म्हणजे सुरक्षित आहे, असंही नसतं. जिममधल्या टाइल्स वजनं आपटली तरी फरशी फुटू नये म्हणून केलेल्या असतात, त्या कडक. खेळाच्या जागेची टाइल किती उंचीवरून पडलेलं झेलते याची चाचणी होते. युरोपात त्यासाठी ईएन ११७७ हे मानक आहे, अमेरिकेत एएसटीएम एफ १२९२. डोक्याच्या आकाराचं वजन वरून सोडतात, आत बसवलेलं यंत्र धक्का मोजतं आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सांगणारा एचआयसी नावाचा आकडा १००० च्या वर गेला की ती उंची त्या टाइलला झेपत नाही. एकाच कारखान्याची, एकाच रंगाची टाइल जाडी निम्मी झाली की दुसरीच वस्तू होते. म्हणून मी जाडीवर अडून बसले होते. पाच फूट म्हणजे दीड मीटर, आणि विक्रेत्याने दाखवलेल्या चाचणीच्या रिपोर्टात ५० मिमीला १.६ मीटर लिहिलेलं होतं.

हा विक्रेता एका जाहिरातींच्या साइटवर सापडला. बाकीच्यांनी चौरस फुटाला २४० सांगितले, याने १९५. फुकटात देतोय असं वाटावं एवढा काही हा फरक नव्हता. ३०० चौरस फुटांचे ५८,५००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे १०,५३०, एकूण ६९,०३०. नमुन्याची अख्खी टाइल कुरिअरने आली. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर. मी पट्टी लावून जाडी पाहिली, वजनकाट्यावर ठेवली, ९ किलो ४०० ग्रॅम भरली. रिपोर्टही मागून घेतला. त्यात प्रयोगशाळेचं नाव होतं, क्रमांक होता, फक्त बनवणाऱ्या कंपनीचं नाव पांढऱ्या पट्टीने झाकलेलं. विचारलं तर म्हणाला, "ताई, नाव दिसलं की लोक थेट कारखान्यात जातात, आमचं पोट आहे." पटण्यासारखंच बोलला. आज सांगते, कुणी रिपोर्ट दाखवला तर त्यावरचा क्रमांक प्रयोगशाळेला कळवून खातरजमा करा. आणि झाकलेल्या नावाचा रिपोर्ट म्हणजे रद्दीच समजा.

आता ती बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची मालाची पावती. तो कागद अजून माझ्यापुढे आहे आणि त्यावरचा आकडा डोळ्यांपुढून हलत नाही. नग १२ गठ्ठे, वजन ६१० किलो. एकूण ११२ टाइल्स होत्या. ११२ गुणिले ९.४ म्हणजे हजार किलोच्या वर, १,०५३. कागद हातात होता, नमुन्याचं वजन मला पाठ होतं, आणि ६१० हा आकडा मला खटकला होता. खटकला नव्हता असं नाही! मी तिथल्या तिथे विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "भाडं वाचावं म्हणून ट्रान्सपोर्टवाले वजन कमी लिहितात हो, तुमचाच फायदा आहे." ड्रायव्हर घाई करत होता, आभाळ भरून आलं होतं, उरलेले पैसे जमा झाल्याशिवाय माल खाली होणार नाही असं आधीच ठरलेलं. आणि ट्रान्सपोर्टवाले वजन कमी लिहितात हे कुणाला खोटं वाटेल? मी पैसे पाठवले. "माल तपासून मिळाला" या छापील ओळीखाली सही केली. गठ्ठे काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले, वर पट्ट्या आवळलेल्या. दहा टाइल्स ५० मिमीच्या तर गठ्ठा अर्धा मीटर उंच हवा. ते गठ्ठे गुडघ्यापर्यंतही येत नव्हते. एक पट्टी कापायची होती. फक्त एक.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने गठ्ठा उघडला. वरच्या दोन टाइल्स नमुन्यासारख्या, चांगल्या जाड. तिसरी उचलली तर त्याच्या हातात वाकली. एकेका गठ्ठ्यात तेच, वर दोन खऱ्या आणि खाली सगळ्या पातळ. पातळ टाइलच्या कडेवर बोट फिरवलं की काळा चुरा निघायचा. ओलं फडकं फिरवलं तर फडकं लाल झालं. ईपीडीएमचा, म्हणजे अशा टाइल्सवर वापरतात त्या रंगीत रबराचा, रंग दाण्यातच असतो, तो असा पुसला जात नाही. इथे जुन्या टायरच्या भुग्यावर नुसता रंग मारलेला. बिल पाहिलं तर त्यावर भलत्याच फर्मचा जीएसटी क्रमांक. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून नाव, पत्ता कुणालाही फुकट पाहता येतो. ते पैसे पाठवण्याआधी पाहा, आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्याचं नाव बिलावरच्या नावाशी जुळतं का तेही पाहा.

यापुढचं लिहिताना हात थरथरतो. पोलीस ठाण्यात गेले. तिथे पहिलाच प्रश्न, माल मिळाला ना? मिळाला म्हटल्यावर, मग फसवणूक कुठली, हा दिवाणी मामला, वकील गाठा. मी सांगत होते की नमुना आणि माल मुद्दाम वेगळे ठेवलेत, गठ्ठ्याच्या वर दोन चांगल्या टाइल्स कुणी चुकून ठेवत नाही, हा सुरुवातीपासूनचा हेतू आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहेच की फसवणुकीचं. तर म्हणे विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवून घ्यावी असा कायदा आहे, हे मी बसल्या जागी म्हटलं, तर समोरचा माणूस चहा प्यायला उठून गेला. अर्जाची पोच द्यायलाही कुरकुर. पोच घेतल्याशिवाय मी हलले नाही, तुम्हीही हलू नका.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. सायबरच्या मदत क्रमांकावर म्हणाले, वस्तू पोहोचली आहे, मग हा सायबर गुन्हा नाही. करखात्यात म्हणाले, बिलाची तक्रार लेखी द्या. दिली, पुढे काही नाही. ज्या साइटवर जाहिरात होती ते म्हणतात आम्ही फक्त ओळख करून देतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ग्राहकाने लेखी मागितली तर विक्रेत्याची माहिती द्यावी लागते, असं कळवलं तर "आपली विनंती नोंदवली आहे" एवढंच उत्तर. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि प्रत्येकजण पुन्हा तीच कागदपत्रं मागतो. आणि सगळीकडे ती माझी सही पुढे करतात. तपासून मिळाला म्हणून सही केलीत ना मॅडम? दारात गाडी उभी, पैसे गेलेले, बारा गठ्ठे बांधलेले, आणि ड्रायव्हर सहीशिवाय जायला तयार नाही, अशा वेळी कोण काय तपासतो ते या लोकांनी मला दाखवावं.

सही करावीच लागली तर तिच्या शेजारी स्वतःच्या हाताने "गठ्ठे न उघडता, मोजणी व तपासणी बाकी" असं लिहा आणि फोटो काढा. गठ्ठे उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या. ऑर्डर देताना जाडी, एका टाइलचं वजन आणि एकूण वजन लेखी घ्या, फोनवरचं बोलणं पुढे कुणी मानत नाही. बाकी रक्कम माल उतरवून, मधल्या गठ्ठ्यातली मधली टाइल मोजल्यावरच देईन असं आधी ठरवा. विक्रेता नाही म्हणाला तर सोडून द्या. नमुन्याची टाइल फेकू नका, माझा सगळ्यात मोठा पुरावा आज तीच आहे.

एकच दार उघडं सापडलं, जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील नसला तरी चालतो. मी तक्रार दाखल केली आहे. नोटीस गेल्यावर मात्र एवढे दिवस फोन न उचलणाऱ्या त्या माणसाचा दुसऱ्याच नंबरवरून निरोप आला की १५,००० घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं. मागणी पूर्ण ७३,२३० ची आहे, आणि ते ११२ तुकडे उचलून नेण्याचं भाडंही त्यानेच भरायचं आहे.