माजाच्या इंजेक्शनांचा कोर्स: पाचपैकी चार तारे

आमच्या भागातले एक खासगी पशुवैद्य गाई-म्हशींना इंजेक्शनांचा कोर्स करून ठरल्या वेळी कृत्रिम रेतन करून देतात, मग माज दिसो न दिसो. तीन इंजेक्शनं, रेतन आणि दोन महिन्यांनी गाभण तपासणी, जनावरामागे सगळे मिळून 2,200 रुपये. उन्हाळ्यात म्हशीचा मुका माज रात्री कधी येऊन जातो कळत नाही, आणि तो हुकला की पुढचे 21 दिवस नुसता चारा घालायचा. म्हणून बोलावलं.

डॉक्टरांनी आल्या आल्या सुई काढली नाही, हे मला पहिलं आवडलं. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून एकेकीला आतून तपासलं. पंढरपुरी म्हशीपाशी बराच वेळ डोळे मिटून उभे होते. मग म्हणाले, "ताई, उजव्या बाजूला पीतपिंड लागतोय. हिचं माजाचं चक्र चालू आहे, तुम्हाला दिसत नाही एवढंच." पीतपिंड म्हणजे बीज सुटून गेल्यावर बीजांडकोषावर तयार होणारी गाठ. दोन्ही संकरित गाईही कोर्समध्ये घेतल्या. कालवड मात्र घेतली नाही. बीजांडकोष गुळगुळीत, म्हणजे चक्र चालूच नाही, आणि अंगावर मांस नाही. "हिला टोचलं तर माझे पैसे होतील, पण ही गाभण राहायची नाही. आधी जंताचं औषध द्या, खनिज मिश्रण आणि खुराक चालू करा, मग बघू." हातातलं गिऱ्हाईक सोडणारा माणूस या धंद्यात कमीच.

पहिलं इंजेक्शन सोमवारी संध्याकाळी, दुसरं पुढच्या सोमवारी, तिसरं त्या बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी दहा-अकराला रेतन. वारांची ही यादी त्यांनी खडूनं गोठ्याच्या खांबावरच लिहून दिली. पहिलं आणि तिसरं इंजेक्शन बीज सुटायला लावणारं. मधलं प्रोस्टाग्लँडिनचं. ते पीतपिंड विरघळवतं, माज रोखून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि जनावर माजाकडे वळतं. हेच गाभण जनावराला गेलं तर गाभ पडतो, म्हणून तपासल्याशिवाय टोचणाऱ्याला दावणीपाशीही येऊ देऊ नका. माझी सून पोटुशी आहे, ती म्हैस धरायला पुढे झाली तर डॉक्टरांनी तिला लांबच थांबवलं. हे औषध कातडीतूनही शिरतं. गरोदर बाईनं आणि दमेकऱ्यानं त्या बाटलीला हात लावायचा नाही.

शेजारच्या काकूंनी लगेच विचारलंच, "दुधाला इंजेक्शनं देता होय गं?" पान्ह्यासाठी चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांना पटलं असं वाटत नाही.

एक तारा कापला तो गुरुवारमुळे. रेतनाला डॉक्टरांनी मदतनीस पाठवला, तोही दुपार करून आला. तिसऱ्या इंजेक्शनानंतर 16 ते 20 तासांत रेतन व्हायला हवं, सगळा कोर्स त्यासाठीच असतो. बरं, नायट्रोजनच्या कॅनमधून गोठवलेल्या वीर्याची कांडी काढली आणि साहेब ती तशीच रेतनाच्या गनमध्ये भरायला निघाले! 37 अंशाच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची असते. पाण्याचा तांब्या मी पुढे केला. वळूचा नंबरही मागितल्यावरच कार्डावर चढला.

म्हैस आणि एक गाय गाभण आहे. दुसरी गाय तीन आठवड्यांनी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. तिच्या पुढच्या रेतनाचे पैसे वेगळे पडले. निम्मी जनावरं गाभण राहिली तरी चांगलं म्हणायचं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार नाही.

ज्यांची गाय काचेसारखा चिकट सोट (माजाचा स्राव) टाकते, दुसरीला अंगावर चढू देऊन जागची हलत नाही, त्यांनी या भानगडीत पडू नये. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन करून घ्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. हा खर्च माज न दाखवणाऱ्या, पण अंगानं धड असलेल्या जनावरासाठी. आणि बोलावणार असाल तर रेतनाला डॉक्टरांनी स्वतः यायचं, हे पैसे देण्याआधीच कबूल करून घ्या.