सांगलीचा लोककला कॅम्प, पोरांना घालावा का?

नाव लोककला कॅम्प असलं तरी नाच-गाणं शिकवत नाहीत हे आधीच सांगते, लेझीमसाठी पाठवायचं असेल तर दुसरीकडे बघा. इथं गोंधळी, धनगरी ओव्या म्हणणारे, तमाशातले जुने कलाकार यांच्यासमोर पोरांना बसवतात आणि माणसाला बोलतं कसं करायचं, बघितलेलं लिहायचं कसं ते शिकवतात. कॉलेजात याला एथ्नोग्राफी म्हणतात म्हणे, पोरांपुढं तो शब्द काढला नाही ते बरं केलं.

वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे फक्त दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे आपल्याला काय वाटलं ते. डावीकडे "गोंधळी खूश होते" लिहिलं की सर विचारणार, कशावरून? मग पोरगं खोडून लिहितं, संबळ वाजवताना हसत होते. माझ्या लेकीचा पहिला प्रश्न "तुम्हाला गोंधळ आवडतो का", उत्तर "हो", संपलं. मग तिनं विचारलं गोंधळाचं बोलावणं कधी येतं, तर ते लग्नापासून जे सुरू झाले ते कुणाची कुलदेवी तुळजापूरची, कुणाची कोल्हापूरची, गोंधळाला आधी कुणाला बोलवायचं इथपर्यंत, वही पुरेना. रेकॉर्डिंग करायच्या आधी विचारायचं आणि नको म्हणाले तर मोबाईल पिशवीत, हे तर मोठ्यांना पण शिकवायला पाहिजे.

सगळ्यात भारी घरचा अभ्यास, आज्जीकडून जात्यावरची ओवी लिहून आणायची. सासूबाई आधी "मला कुठं काय येतंय" करत होत्या, नंतर थांबेनात, ओवीत कुणाचं नाव आलं की नात विचारणार हा कोण, लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मला माहीत नसलेली माणसं त्यातनं निघाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्यात, त्यातल्या काही पोरांना ऐकवल्या.

कवलापूरची भेट मात्र फसली. तमाशातल्या काळू-बाळू जोडीचं गाव, एवढी परंपरा, आणि तिथं तासभर पण नाही, सगळी पोरं एका म्हाताऱ्या कलाकाराभोवती, मागच्यांना काय ऐकूच येईना. कलाकारांना मानधन किती देता विचारलं तर धड उत्तर नाही, पोरांना मान राखायला शिकवता तर एवढं सांगायला काय हरकत आहे?

पाचवीच्या खालची पोरं कंटाळतात. दिवाळीत परत बॅच आहे म्हणे, पोरं कमी घेणार असतील तर धाकट्याला घालणार, नायतर नाही.