बजेट गेमिंग पीसीसाठी रायझन ५ ५६०० + बी५५० + आरएक्स ६६००: वापरून सांगतो

भाच्यासाठी हा सेट (एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड) असेंबल केला आणि आता त्यावर गेमिंग, कॉलेजचं कोडिंग, थोडंफार व्हिडिओ एडिटिंग असं सगळं व्यवस्थित चाललंय, म्हणून सविस्तर लिहितो. कमी बजेट असेल तर माझ्या मते अजूनही एएम४ ची (एएमडीच्या आधीच्या पिढीचं प्रोसेसर सॉकेट) ही जोडी सगळ्यात कमी डोकेदुखीची आहे.

आधी प्रोसेसर. रायझन ५ ५६०० एप्रिल २०२२ मध्ये आला, ६ कोर १२ थ्रेड, ६५ वॉट, आणि मुख्य म्हणजे ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी). दुकानात हमखास ५६००जी पुढे करतात, नाव सारखंच दिसतं म्हणून लोक घेतातही, पण त्यात कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी आहे आणि पीसीआयई (ग्राफिक्स कार्ड ज्यातून जोडलं जातं तो मार्ग) ४.० ऐवजी जुना, कमी वेगाचा ३.० आहे. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळे आत्ता कार्डाला पैसेच नसतील तर तोच घ्या, ते बरोबर आहे. पण कार्ड लगेच घेणार असाल तर सरळ ५६००. फक्त एक, ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, मॉनिटरची केबल बोर्डाला लावली तर स्क्रीन काळीच राहणार, ती ग्राफिक्स कार्डालाच लावायची.

बोर्ड निवडताना खरी कसोटी लागते. बी४५०, ए५२०, बी५५० तिन्हीवर हा प्रोसेसर बसतो, पण बसतो आणि चालू होतो यात फरक आहे, कारण बी४५० चा जुना स्टॉक असेल (बी५५० चा अगदी सुरुवातीचा सुद्धा) तर बायोस (बोर्डाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर) जुनं असतं आणि ५००० सिरीज ओळखतच नाही. दुकानदाराला तिथेच बायोस अपडेट करून द्यायला सांगा, किंवा बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड बघा, तो नुसत्या पेनड्राइव्हवर प्रोसेसर न लावता अपडेट होतो. कंपनीच्या साइटवर प्रत्येक बोर्डाची सीपीयू सपोर्ट लिस्ट असते, त्यात प्रोसेसरसमोर बायोसचा व्हर्जन लिहिलेला असतो, पैसे द्यायच्या आधी ती उघडून बघाच. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या दुकानात उभं राहून मोबाईलवर बघितली तरी चालते, कुणी काही म्हणत नाही.

ए५२० स्वस्त पडतो, पण त्यात पीसीआयई ३.० च आहे. आरएक्स ६६०० ला पीसीआयईच्या आठ लेन (डेटा जायच्या वाटा) आहेत त्यामुळे तिला फारसा फरक पडत नाही, पण पैसे वाचवायला कुणी आरएक्स ६५०० एक्सटी घेणार असेल तर सावधान, तिला फक्त चारच लेन आहेत आणि ३.० वर ती चांगलीच मार खाते, त्यात ४ जीबी मेमरी. ती नकोच. ६६०० मध्ये ८ जीबी आहे, १०८० पी ला सेटिंग जरा समजून ठेवली की मस्त चालते, आणि १३२ वॉटच खाते.

रॅम ८-८ च्या दोन स्टिक घ्या, १६ ची एकच नको. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या छापील स्पीडवर चालवणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय ३२०० ची रॅम बऱ्याचदा ३२०० वर चालत नाही, हे असेंबल करून देणारे बरेच जण करतच नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड दिसतो. बघा एकदा, २४०० किंवा २६६६ दिसत असेल तर तुम्ही दिलेले पैसे वाया चाललेत.

आता एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय), आणि इथे मी खरंच कळकळीने सांगतो. एका दुकानात मला कॅबिनेटसोबत फुकट एसएमपीएस देत होते, वर ५०० वॉट छापलेलं, ब्रँडचं नाव कधी ऐकलेलं नाही, आणि कार्डाला लागणारा ८ पिनचा कनेक्टरच नव्हता, "कन्व्हर्टर लावून देतो" म्हणाले. असलं काही घेऊ नका हो. कार्डाला ६+२ वाला कनेक्टर एसएमपीएसमधूनच यायला पाहिजे, आणि तो प्रोसेसरच्या ४+४ वाल्यापेक्षा वेगळा असतो, दोन्हीही ८ पिनचेच दिसतात पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नामांकित कंपनीचा ४५० ते ५५० वॉटचा या सेटला भरपूर झाला. ८० प्लस रेटिंग म्हणजे वीज किती कमी वाया जाते एवढंच, आतली क्वालिटी त्यावरून कळत नाही, म्हणून त्या मॉडेलचे रिव्ह्यू वाचून मगच घ्या.

कूलर डब्यातच येतो, पेस्ट लावलेली असते. तो बसवायला बोर्डावरचे प्लास्टिकचे दोन ब्रॅकेट काढावे लागतात आणि ते काढले की मागची पट्टी सुटून खाली पडते, तेव्हा मागून हात धरून ठेवा, मग चार स्क्रू तिरपे आळीपाळीने थोडे थोडे आवळा. कूलर ठीकठाक आहे, उन्हाळ्यात जोराचा गेम लावला की आवाज येतो.

कमी काय? एएम४ आता शेवटाला आलाय, पुढे मोठा अपग्रेड करायचा तर बोर्ड आणि रॅम दोन्ही बदलावे लागतील. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जे भडकले त्यानंतर ज्याच्या घरी जुनी डीडीआर४ पडलीय त्याला हा सेट फारच परवडतो, तीच रॅम इथे वापरता येते. सगळंच नवं घ्यायचं असेल तर एएम५ चंही (एएमडीचं पुढचं, डीडीआर५ रॅमवालं सॉकेट) कोटेशन काढून घ्या, फरक कमी असेल तर तिकडे जा.

आणि प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर टाकलेलं पक्कं जीएसटी बिल घ्या, नुसत्या कच्च्या कागदावर वॉरंटीसाठी नंतर कुणी दारात उभं करत नाही.